कंपवातात पूरक उपचार जोडताना: आधी काय, नंतर काय

पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो, तो झालेल्या माणसाच्या घरी बहुधा दोन पिशव्या असतात. एकीत न्यूरॉलॉजिस्टने लिहून दिलेल्या लेव्होडोपाच्या (या आजारावरच्या मुख्य औषधाच्या) गोळ्या असतात आणि दुसरीत वैद्याने, शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने सुचवलेली चूर्णे, तेले आणि काढे असतात. या दोन्ही पिशव्यांतले काय, कधी आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे, हे मात्र कोणीही एकत्र बसून ठरवलेले नसते. गोव्यात आयुर्वेदावर लोकांचा विश्वास आहे, धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय आहे, शिरोड्याला जुने आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजी विभाग आहे. सोयी आहेत, पण त्यांची सांगड घालण्याचे काम शेवटी घरच्यांवरच येते, आणि नेमके तिथेच चुकते.

चुका बहुतेक तीन प्रकारच्या असतात. चूर्ण सुरू केल्याबरोबर गोळी परस्पर बंद केली जाते. दोन-तीन उपाय एकाच आठवड्यात सुरू केले जातात, मग गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कोणालाच कळत नाही. आणि डॉक्टर रागावतील या भीतीने वैद्याचे औषध डॉक्टरपासून व डॉक्टरचे वैद्यापासून लपवले जाते. पुढचे टप्पे या तीन चुका टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू नष्ट होतात, आणि हालचालीतली लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतला मोठा हिस्सा गेलेला असतो. हा ऱ्हास थांबवणारे किंवा आजार मुळापासून बरा करणारे औषध आज आधुनिक वैद्यकातही सिद्ध झालेले नाही आणि आयुर्वेदातही नाही. ‘तीन महिन्यांच्या कोर्सात कंपवात बरा’ असे सांगणाऱ्याकडून उठून यावे. मिळवता येते ते असे: दिवसातले हालचालीचे चांगले तास वाढतात, झोप आणि पोट सुधारते, आवाज टिकतो, पडणे कमी होते. घरातल्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवता येणे हा फार मोठा लाभ आहे, आणि तो योग्य क्रमाने गेल्यास पुष्कळदा मिळतो.

## टप्पा १: निदान पक्के करा आणि आधीच्या गोळ्यांची झडती घ्या

हात थरथरतो म्हणजे कंपवातच, असे नाही. पार्किन्सन्समध्ये हालचाल मंदावणे हे मुख्य लक्षण असते. त्याच्या जोडीला अंगात ताठरपणा किंवा हात स्वस्थ असताना होणारा कंप असतो, आणि सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. चहाचा कप उचलताना दोन्ही हात थरथरत असतील, मान किंवा आवाजही कापत असेल आणि घराण्यात तसे आणखी कोणी असेल, तर तो वेगळा आणि तुलनेने सौम्य विकार असू शकतो. कित्येक रुग्णांत कंप मुळीच नसतो. अक्षर बारीक होणे, चालताना एक हात न हलणे, वास न कळणे, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे एवढीच चिन्हे असतात, आणि ती वयावर ढकलली जातात.

निदान मुख्यतः तपासणीवर होते. एमआरआय बहुधा सर्वसाधारणच येतो, तो इतर कारणे वगळण्यासाठी काढतात. म्हणून ‘एमआरआय नॉर्मल आहे, मग आजार कसला?’ असे म्हणून उपचार टाळू नयेत.

यापुढचे काम घरच्यांनी स्वतः करायचे आहे आणि ते सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. रुग्ण गेल्या वर्षभरात घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन गोळा करून त्यावरची घटकद्रव्यांची बारीक अक्षरे वाचावीत. काही औषधे डोपामिनचे काम अडवतात आणि हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण करतात. आम्लपित्ताच्या काही जोडगोळ्यांत असणारे लेव्होसल्पिराइड, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचे सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारावरचे हॅलोपेरिडॉल ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे. आम्लपित्ताची गोळी तर लोक फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षे घेतात. यांपैकी एखादे सापडले तर डॉक्टरांना दाखवावे. ते थांबवल्यावर लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरू शकतात.

सावधान: मानसिक आजारावरची गोळी स्वतःहून कधीही थांबवू नये. ती कशी बदलायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

तपासून पाहा: पहिल्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणे, दोन्ही बाजूंना सारखीच लक्षणे, पुरेशा मात्रेतही लेव्होडोपाचा गुण न येणे किंवा पन्नाशीच्या आत सुरुवात, यांपैकी काही असेल तर निदानाचा पुन्हा विचार करण्यास सांगावे. तोवर कोणताही पूरक उपचार सुरू करू नये.

## टप्पा २: दोन आठवडे फक्त नोंद ठेवा

या दोन आठवड्यांत नवे काहीही सुरू करायचे नाही. एक साधी वही घ्यावी आणि गोळीची वेळ, खाण्याची वेळ, गोळीचा अंमल चढल्याची आणि उतरल्याची वेळ लिहावी. नोंद अशी दिसते:

‘६.३० गोळी. ७.१५ शर्टाची बटणे स्वतः लावली. ९.४५ उजवा पाय जड. १०.३० गोळी, पेजेबरोबर. ११.१५ अंगणात दोन फेऱ्या. १.३० मासळीचे जेवण, लगेच गोळी. ३ वाजेपर्यंत गोळी लागलीच नाही. ४.३० खुर्चीतून उठताना चक्कर.’

एवढ्या चार-पाच ओळींतून डॉक्टरांना जे कळते ते ‘बाबांचे बरे चाललेले नाही’ या वाक्यातून कळत नाही. याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा, सकाळच्या गोळीनंतर बरोबर एका तासाने, चार मोजमापे घ्यावीत: खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला लागलेला वेळ, दहा मीटर चालायला लागलेला वेळ, शर्टाची बटणे लावायला लागलेला वेळ, आणि वहीत लिहिलेले एकच ठरावीक वाक्य. वाक्य दर वेळी तेच असावे, म्हणजे अक्षर बारीक होत चालले आहे का ते दिसते. मोजमापाची वेळ बदलली तर आकडे निरर्थक ठरतात, कारण अंमल चढलेला असतानाचा माणूस आणि उतरलेला असतानाचा माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

रक्तदाबही दोनदा मोजावा: पाच मिनिटे पडून राहिल्यावर आणि उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पुढच्या टप्प्यांतले स्वेदन (वाफेचा शेक), विरेचन (जुलाब देणे) किंवा कवचबीज (खाजकुयलीचे बी) यांचा विचारही करू नये. या आजारात पडून मांडीचे हाड मोडणे हे कंपापेक्षा कितीतरी घातक ठरते.

वहीच्या शेवटच्या पानावर स्वभावातला बदलही लिहावा. कंपवातावरच्याच प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगार, खरेदी किंवा खाणे यांची अनावर ओढ लागते. पणजीत मांडवीच्या पात्रातच कॅसिनो उभे आहेत, त्यामुळे ही गोष्ट इथे केवळ पुस्तकी नाही. आयुष्यभर जपून खर्च करणारा माणूस अचानक पैसे उडवू लागला तर त्याला दोष देण्याआधी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

## टप्पा ३: गोळी आणि जेवण यांची वेळ बसवा

पूरक उपचार शोधणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची खरी अडचण औषध अपुरे असण्याची नसते, ते चुकीच्या वेळी घेतले जाण्याची असते. लेव्होडोपा लहान आतड्यात शोषले जाते आणि तिथे प्रथिनांशी त्याची स्पर्धा होते. ताटात मासळीचे हुमण, वर तळलेला बांगडा आणि त्याच घासाबरोबर गोळी, असे झाले तर ती गोळी उशिरा लागते किंवा लागतच नाही. शाकाहारी घरात मुगागाठी किंवा डाळ-उसळीने तेच घडते. तेलकट, जड जेवणही पोट उशिरा रिकामे करते.

१. गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एका तासाने, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी.

२. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत प्रथिने कमी असलेले थोडे काही खावे. आपली सकाळची पेज यासाठी उत्तम आहे. तिच्यासोबत लोणच्याची फोड चालेल, सुक्या मासळीची किसमूर मात्र त्या वेळी नको.

३. प्रथिने बंद करू नयेत. वयस्कर माणसाचे स्नायू आधीच झिजलेले असतात. दुपारच्या गोळ्या लागतच नसतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मासळी आणि डाळी यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यावा.

४. लोहाची गोळी आणि लेव्होडोपा यांत दोन तासांचे अंतर असावे. वैद्यांच्या औषधात लोहभस्म किंवा मंडूर असेल तर त्यालाही हाच नियम लावावा.

५. बद्धकोष्ठता आधी हाताळावी. पोट साफ नसेल तर गोळी पुढे सरकतच नाही. पाणी, पपई, केळी, भाज्या आणि इसबगोल यांनी पुष्कळांचे काम होते. इसबगोल मात्र गोळीबरोबर घेऊ नये.

लेव्होडोपाचा रक्तातला अर्धा भाग साधारण दीड तासात संपतो, म्हणून आजार वाढल्यावर अर्ध्या तासाचा उशीरही जाणवतो. चवथीच्या दिवसांत पूजा, पाहुणे आणि आरत्यांच्या गडबडीत गोळ्या चुकतात. मोबाइलवर गजर लावून त्याची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीवर टाकावी.

तपासून पाहा: या वेळा पाळून पुन्हा दोन आठवडे नोंद ठेवावी. एवढ्यानेच सुधारणा झाली तर कदाचित आणखी कशाचीच गरज उरणार नाही.

## टप्पा ४: पहिला पूरक उपचार व्यायामाचा

चूर्णाच्या आधी व्यायाम, हा माझा आग्रह आहे, कारण औषधाबाहेरच्या सगळ्या उपायांत याच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९५ रुग्णांवर २४ आठवडे अभ्यास झाला, आणि ताई-ची करणाऱ्यांचा तोल स्नायू ताणण्याचे साधे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. २०१८ सालच्या दुसऱ्या चाचणीत नुकतेच निदान झालेल्या १२८ जणांत ट्रेडमिलवर जोरकस चालणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत नेहमीचे जीवन जगणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने, हे ध्येय ठेवावे. हृदयविकार असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

व्यायाम गोळीचा अंमल चढलेला असताना, म्हणजे साधारण पाऊण ते एका तासाने करावा. हालचाली मुद्दाम मोठ्या कराव्यात: लांब पाऊल, खांद्यापासून हात, पूर्ण वळण. या आजारात मेंदू हालचालीचे माप लहान करून टाकतो, म्हणून रुग्णाला जी हालचाल अवाजवी मोठी वाटते ती पाहणाऱ्याला जेमतेम पुरेशी दिसते. योगासनांत भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन ताडासन, वीरभद्रासन आणि बसून पाठीची वळणे घ्यावीत. शीर्षासन, सर्वांगासन आणि झटक्याने उठण्याची आसने टाळावीत.

तालाचा उपयोग आवर्जून करावा. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात तेव्हा घुमटाचा (मातीच्या तालवाद्याचा) किंवा टाळांचा ठेका लावला की पुष्कळांचे पाऊल सुटते. भजनाची सवय असलेल्यांनी रोज पंधरा मिनिटे मोकळ्या, मोठ्या आवाजात भजन म्हणावे. आवाज खोल गेला असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ लागेलच, पण हा सराव तोवर थांबवण्याचे कारण नाही.

आपल्या जुन्या घरांत दारे अरुंद आणि उंबरठे उंच असतात, आणि पाय नेमका दारातच अडकतो. अशा वेळी रुग्णाचा हात धरून ओढू नये, तोल जाऊन दोघेही पडतात. त्याला थांबू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर दोन-तीनदा सरकवू द्यावे आणि मग समोरच्या रेषेवरून पाऊल टाकायला सांगावे. दाराच्या अलीकडे जमिनीवर पाऊलभर अंतराने गडद रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या की ती रेषा कायमची मिळते. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर आणि बलकांवाच्या (घराच्या दर्शनी ओट्याच्या) पायऱ्यांवर शेवाळ धरते. जूनच्या आधी ते खरवडून काढावे आणि पायरीला कठडा बसवावा.

## टप्पा ५: वैद्यांकडे जाताना

वैद्यांकडे जाताना टप्पा २ ची वही आणि सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी. आयुर्वेदाचे उपचार एकाच गठ्ठ्यात न घेता वेगवेगळे पाहावेत, कारण त्यांची जोखीम सारखी नाही.

तेलाने अभ्यंग हा त्यांतला सर्वांत निर्धोक उपचार आहे. ताठरलेल्या खांद्यांना आणि पाठीला त्याने आराम पडतो, झोपही सुधारते. तेल लावल्यावर न्हाणीघरात पाय घसरतो, म्हणून तळवे पुसून रबरी चटईवर उभे करावे. स्वेदनात, म्हणजे वाफेच्या शेकात, रक्तदाब उतरतो. तो करायचाच असेल तर थोडा वेळ, सोबत माणूस ठेवून, आणि उठताना आधी काही मिनिटे बसवून मगच उभे करून. विरेचन आणि वमन (उलटी करवणे) यांत शरीरातले पाणी जाते आणि गोळ्यांच्या वेळा कोलमडतात. उतारवयात, तोल जात असताना किंवा उभे राहिल्यावर रक्तदाब उतरत असताना ते करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बस्ती (औषधी एनिमा) घ्यायची तर गोळ्यांच्या वेळा लिखित स्वरूपात देऊन, त्या न चुकवण्याच्या अटीवर.

पोटात घ्यायच्या औषधांबाबत प्रत्येकाचे नाव लिहून मागावे. ‘आमचे खास मिश्रण’ असे उत्तर मिळाले तर ते घेऊ नये. पारा, शिसे किंवा सोमल (आर्सेनिक) असलेली रसौषधी या आजारात टाळावीत. या धातूंनी मज्जासंस्थेला होणारी इजा कंपवाताच्या वाढीपासून वेगळी ओळखणे फार अवघड जाते. अश्वगंधाने काहींना झोप चांगली लागते, पण ती थायरॉइडचे प्रमाण वाढवू शकते, झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढवते आणि क्वचित यकृताला इजा करते.

सावधान: पेशीरोपणाच्या, म्हणजे स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात ते मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देणे नीतिबाह्य आहे. कोएन्झाइम क्यू-१० च्या महागड्या कॅप्सूलही मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरल्या आहेत.

## टप्पा ६: कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचे बी

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पाऊस ओसरल्यावर कुंपणांवर आणि रानाच्या कडेला खाजकुयलीच्या वेली दिसतात. जांभळी फुले गेल्यावर किंचित वळलेल्या शेंगा येतात आणि त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी कुसे असतात. ती अंगाला लागली की आग होईपर्यंत खाज सुटते. शेंगेतले तुकतुकीत बी म्हणजेच संस्कृत ग्रंथांतले कपिकच्छू. या बियांत लेव्होडोपा नैसर्गिक स्वरूपात, साधारण ३ ते ६ टक्के असते. म्हणजे कवचबीज हे ‘सौम्य वनस्पती’ नाही, डॉक्टरांच्या गोळीतलेच औषध आहे. ते काम करते ते त्यामुळेच, आणि त्रासही त्यामुळेच देते.

हिशेब करून पाहावा. ५ ग्रॅम चूर्णात ३ टक्के लेव्होडोपा असेल तर १५० मिलिग्रॅम मिळते, ६ टक्के असेल तर ३००. डबा तोच दिसतो, मात्रा दुप्पट होते. आपल्याकडच्या नेहमीच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि सोबत १० किंवा २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असते. कार्बिडोपाचे काम राखणदाराचे आहे: लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोचण्याआधी ते वाटेत मोडू देत नाही, आणि त्यामुळे लेव्होडोपाची गरज सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते. चूर्णात हा राखणदार नसतो. म्हणूनच नुसते चूर्ण घेतल्यास मात्रा जास्त लागते आणि मळमळ व उलट्या होतात.

पण रुग्ण गोळीही घेत असेल तर गोळीतले कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही राखते. ‘थोडेसेच चूर्ण’ मग अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरकस होते. हातापायांची अनावर वळवळ, भास, गोंधळ आणि उभे राहताच चक्कर, ही त्याची चिन्हे. घरचे याला आजार वाढला असे समजतात आणि चूर्ण वाढवतात.

अभ्यास काय सांगतात? २०१७ च्या एका अभ्यासात १८ रुग्णांना कवचबीजाची एकेक मात्रा दिली, तेव्हा तिचा गुण गोळीच्या तोडीचा आला. त्याच संशोधकांनी पुढे १४ रुग्णांना ते रोज देऊन पाहिले, तेव्हा अर्ध्या रुग्णांना पोटाच्या त्रासामुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे ते मध्येच सोडावे लागले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि निर्णय घेताना दोन्ही समोर ठेवाव्यात.

कवचबीज घ्यायचेच ठरले तर क्रम असा ठेवावा.

१. न्यूरॉलॉजिस्टला आधी सांगावे. ‘आम्ही हे घेणार आहोत’ अशा घोषणेपेक्षा ‘हे घेतल्यास गोळी किती आणि केव्हा बदलायची?’ असा प्रश्न विचारावा.

२. निषिद्ध स्थिती तपासाव्यात: भास किंवा मनोविकार, विशिष्ट प्रकारचा काचबिंदू, त्वचेचा मेलानोमा, अलीकडचा हृदयविकाराचा झटका, गर्भारपण. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीही फेरतपासणी हवी.

३. रानातल्या शेंगा आणून घरी दळू नयेत. कच्च्या बियांत पचनाला अपायकारक द्रव्ये असतात. आयुर्वेदात बी गाईच्या दुधात शिजवून, साल काढून शुद्ध करण्याची रीत आहे आणि ते काम जाणकाराचेच आहे. लेव्होडोपाचे प्रमाण छापलेले, एकाच उत्पादकाचे औषध घ्यावे आणि मध्येच उत्पादक बदलू नये.

४. चमच्याने मोजू नये. छोट्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावे, कारण सपाट चमचा आणि शिगोशीग चमचा यांत मोठा फरक पडतो.

५. सर्वांत लहान मात्रेने, दिवसातून एकदाच, घरात दुसरे माणूस असताना सुरुवात करावी. मात्रा वाढवायची तर आठवड्याच्या अंतराने आणि डॉक्टरांच्या संमतीने. दुधातून घेण्याची प्रथा आहे, पण दुधातली प्रथिने शोषण कमी करतात. ज्यांना पाण्यातून सोसते त्यांनी पाण्यातून घ्यावे. कसेही घ्या, रोज एकाच पद्धतीने घ्या.

६. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड घेऊ नये, ते या आजारात लक्षणे बिघडवते. पर्याय म्हणून काहींना डोम्पेरिडोन देतात, पण तेही हृदयाची स्थिती पाहून डॉक्टरांनीच द्यावे.

सावधान: लेव्होडोपाची गोळी एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. काही तासांत किंवा दिवसांत अंग लाकडासारखे कडक होते, तीव्र ताप चढतो, शुद्ध हरपू लागते. असे दिसल्यास वैद्य, डॉक्टर कोणाच्याही फोनची वाट न पाहता १०८ ला बोलवावे. चूर्ण चालू असल्यास तेही अचानक सोडू नये, त्यातही तेच द्रव्य आहे.

तपासून पाहा: पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत चूर्णाचे गोळे होतात आणि बुरशी धरते. लहान डबे आणावेत, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावेत, आणि वास किंवा रंग बदलला की टाकून द्यावे. लेव्होडोपाने लघवी गडद होऊ शकते, त्याची भीती नको.

## टप्पा ७: गुण आला की नाही, हे ठरवणे

एका वेळी एकच बदल, आणि तो किमान चार आठवडे. पहिल्या आठवड्यातल्या सुधारणेवर निर्णय घेऊ नये. कंपवातात अपेक्षेचा परिणाम खरोखर शरीरावर होतो. बरे वाटणार या विश्वासानेच मेंदूत डोपामिन सुटते, हे २००१ साली स्कॅनद्वारे दाखवले गेले आहे. रुग्ण खोटे बोलत नसतो, त्याला त्या दिवसांत खरेच बरे वाटते. तो भर ओसरल्यावर काय उरते ते पाहायचे असते.

म्हणून टप्पा २ मधली तीच चार मोजमापे, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर पुन्हा घ्यावीत आणि वही शेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत. चांगले तास वाढले नाहीत, किंवा वाढले पण सोबत वळवळ, भास वा चक्कर आली, तर डॉक्टरांशी बोलून मात्रा उतरवत न्यावी. पैसे खर्च झाले म्हणून उपचार चालू ठेवण्यात अर्थ नाही.

गिळणे हे मोजमापात येत नाही, पण रोज पाहावे. सोलकढी किंवा पाणी पिताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर येणे, वजन घटणे ही गिळण्याच्या त्रासाची चिन्हे आहेत, ती दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. तोवर जेवताना ताठ बसवावे आणि काटेरी तारली-मुडदुशांऐवजी काटे काढलेला विसवण किंवा मोडसो द्यावा.

## टप्पा ८: रुग्णालयात भरती होण्याची वेळ आली तर

पडणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशा कारणांनी भरती व्हावे लागते, आणि तिथे गोळ्यांच्या वेळा रुग्णालयाच्या फेरीच्या वेळांत मिसळून जातात. यासाठी एक कार्ड आधीच तयार करून रुग्णाच्या पाकिटात ठेवावे. त्यावर आजाराचे नाव, प्रत्येक गोळीची मात्रा व घड्याळी वेळ, चूर्णाचे नाव व ग्रॅम, आणि ‘मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल देऊ नये’ ही ओळ ठळक लिहावी. कंपवातावरचेच सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल तर पेथिडिन व ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषधही देऊ नये, अशी नोंद करावी. ट्रॅमाडॉल हाड मोडल्यावर सर्रास दिले जाते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना चूर्णाबद्दल स्वतः सांगावे, कागदावर विसंबू नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी राहायचे असले तरी सकाळची लेव्होडोपा दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. नंतर तोंडाने घेता येणार नसेल तर गोळी विरघळवून नाकातल्या नळीतून देण्याची व्यवस्था त्याच वेळी ठरवून घ्यावी. चूर्ण मात्र नळीतून देऊ नये, ते फुगून नळी बुजवते. ते थांबल्याने कमी होणारी लेव्होडोपा गोळीतून किती भरून काढायची, हा आकडा न्यूरॉलॉजिस्टकडून कार्डावर लिहून घेतलेला असावा.